चांद आणि तीन ठिपक्यांची कातीण

कातीण ओळखायची असेल तर पाय मोजत बसू नये. पाय सगळ्यांनाच आठ. आधी पाठ पाहावी, मग पोट पाहावं आणि तरीही कळलं नाही तर तिचं घर कुठं आहे ते पाहावं. पुण्याकडचे लोक तिला कोळी म्हणतात. आमच्या वऱ्हाडात ती कातीण, कारण ती कातते, आणि कातणाऱ्या बाईला कोळी म्हणायचं आम्हाला काही कारण दिसत नाही.

ही विद्या मला एका म्हातारीनं शिकवली. अक्षरं मला त्यानंतर पुष्कळ वर्षांनी आली. म्हातारीला ती कधीच आली नाहीत.

ते कापसाच्या तेजीचे दिवस होते. समुद्रापलीकडे कुठे लढाई लागली, तिकडचा कापूस यायचा थांबला आणि आमच्या काळ्या मातीतल्या बोंडांना एकाएकी मान आला, एवढंच आम्हा बायकांना समजलं होतं. पुरुष ती लढाई स्वतः लढून आल्यासारखे पारावर बसून बोलत. आमचं गाव अमरावतीपासून बैलगाडीनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. ज्यांनी कधी दोन ओळींपुढे कापूस लावला नव्हता, त्यांनी त्या वर्षी ज्वारीचं वावरसुद्धा कापसाखाली घातलं. आमच्या घरात तर कापूस पाहुण्यासारखा आला आणि जावयासारखा राहिला. ओसरीत कापूस, माजघरात कापूस, बाळंतिणीच्या खोलीतही कापूस. मी तेव्हा पंचविशीची असेन. भाकरी थापायला बसलं की पाठीला कापूस लागायचा आणि जेवताना आमटीतून एखादी सरकी निघायची.

कापसाबरोबर शेतातल्या कातिणीही घरात आल्या. त्यांना कोण विचारणार? वेचणाऱ्या बायका बोंडं कमरेच्या ओट्यात टाकायच्या, ओट्यातून गाठोडं, गाठोड्यातून गाडी, आणि गाडीतून आमचा कोठा. कोठ्यात रोज डझनभर बायका हातरेचे घेऊन बसायच्या. रेचा म्हणजे दोन लाटांचं लाकडी यंत्र. एका हातानं फिरवायचं, दुसऱ्या हातानं कापूस घालायचा, सरकी अलीकडे पडते, रुई पलीकडे जाते. मध्येच एखादीच्या हाताला कातीण लागायची आणि ती किंचाळली की बाकीच्या अकरा जणी रेचे टाकून उठायच्या. कोठा माझ्याकडे होता. दिवसातून दहादा काम थांबलेलं पाहून माझं डोकं फिरायचं.

म्हातारी अकोल्याकडून आली होती. मागे-पुढे कोणी नाही, अंगावर एक लुगडं, काखेत एक गाठोडं. रेचा फिरवायला हात थरथरतात म्हणून तिला दोन ठिकाणी परत पाठवलं होतं. मलाही तिच्या हातांचा फारसा भरवसा वाटला नाही. पण ती दारात उभी असतानाच आत किंकाळी उठली. बायका पळाल्या, आणि ही सरळ आत गेली, ढिगावरून एक कातीण तळहातावर घेतली, तिला नीट उलटीसुलटी पाहिली आणि परसातल्या तुरीवर सोडून आली. मी तिला त्याच दिवशी ठेवून घेतलं. काम एकच, रेच्यावर कापूस जाण्याआधी ढीग उसवायचा आणि कातिणी वेचून बाहेर नेऊन सोडायच्या. तिला दोन वेळची भाकरी आणि कोठ्याच्या कोपऱ्यात झोपायला जागा. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या की ही नवीनच रीत, आता कातिणींना दाई ठेवली.

दुपारच्या सुट्टीत मी म्हातारीजवळ बसायची. ती एकेक कातीण दाखवायची, कापडवाला लुगडी दाखवतो तशी, काठ कसा, पदर कसा. भिंतीवर चपटी बसते, हाताच्या पंजाएवढी, धुळीच्या रंगाची, तोंडापुढे फिकट पट्टा, ती घरातली. तिच्या पोटाखाली पांढरी गोल चकती दिसली तर तो रुपया नव्हे, तिची अंडी असतात. आमच्याकडे त्या तेजीत रुपयेवाली म्हणून तिला झाडूही लावत नसत. म्हातारी म्हणायची, रुपया फुटला की मोजत बसा मग. सुतासारख्या पायांची, गव्हाच्या दाण्याएवढ्या अंगाची, हात लावला की उलटी लटकून थरथर कापते ती आढ्यातली थरथरी. मातकट, पाठीवर फिकट पट्टा आणि त्या पट्ट्यावर शंभर पिल्लं घेऊन पळते ती लेकुरवाळी, जमिनीवरची. तुरीत जाळं विणते, अंगावर पिवळे नि रुपेरी पट्टे, आणि जाळ्याच्या मधोमध पांढरी नागमोडी फुली काढून त्यावर डोकं खाली करून बसते ती रांगोळीवाली. कपाशीच्या पिवळ्या फुलात पिवळीच होऊन बसते आणि खेकड्यासारखी तिरपी चालते ती फुलातली, तिला पाहायला फूल नाकाशी न्यावं लागतं. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्याच, पानावर हिरवीगार, अंगावर काळे ठिपके, पायांना काटे, ती पोपटी.

मला सगळ्यांत आवडायचा तो चांदवाला. माशीएवढा, काळाकुळकुळीत, पाठीवर पांढरी चंद्रकोर. जाळं विणत नाही, उडी मारून माशी धरतो. त्याची बायको मात्र नुसती तपकिरी.

"नवरा नटलेला अन् बायको मातकट," म्हातारी म्हणायची. "तुमच्याच घरावानी हाय, धाकल्या बाई."

यात खोटं काही नव्हतं. आमच्या यजमानांना त्या वर्षी नटण्याचा नाद लागला होता. जरीकाठी पटका आला, करकर वाजणारा जोडा आला, आणि मग ठसा आला. झालं असं, की अमरावतीच्या बाजारात इतक्या गाड्या उभ्या राहायच्या की कोणाचा बोरा, म्हणजे रुईचं पोतं, कोणाच्या ढिगात गेला ते ब्रह्मदेवाला कळू नये. यजमानांचे चार बोरे असेच दुसऱ्याच्या ढिगात गेले. त्यांनी सुताराकडून लाकडी ठसा कोरून घेतला, पंजाएवढा, वर चांद आणि खाली ओळीनं तीन ठिपके. रुई भरून बोरे कोठ्याच्या भिंतीशी लावले की संध्याकाळी हे स्वतः जायचे आणि एकेका बोऱ्यावर काळा ठसा उठवायचे. आम्हाला कोणाला हात लावू द्यायचे नाहीत. मी विचारलं की हा रंग कसला, तर म्हणाले काजळी आणि जवसाचं तेल. मी म्हटलं बरं. नवऱ्याच्या खेळण्यांची चौकशी करायला मला वेळ नव्हता. त्याच सुमारास माझ्या स्वयंपाकघरातलं तिळाचं तेल लवकर संपायला लागलं होतं, आणि त्याचा आळ मी समईवर घेतला.

आमच्या घरात तीन गोष्टींना बंदी होती. घुबडाचं नाव, उभ्यानं पाणी पिणं आणि बिब्बा. बिब्ब्याची बंदी आत्याबाईंची. त्या लहान असताना मेळघाटच्या वाटेवर बिब्ब्याच्या झाडाखाली बसल्या आणि आठ दिवस तोंड भोपळ्याएवढं झालं. तेव्हापासून औषधालासुद्धा बिब्बा आमच्या उंबऱ्याच्या आत यायचा नाही. परटालाही सांगून ठेवलं होतं, आमच्या कपड्यांना खूण करायची तर दोऱ्यानं कर.

पौषात पहिला फोड आला.

रेच्यावरच्या बायकांत एक फार तोंडाळ होती. काम चौघींचं करायची आणि बोलायची आठ जणींचं. तिच्या दंडावर सकाळी लालभडक पट्टा उठला, बांगडीच्या अर्ध्याएवढा वाकडा, आणि दुपारपर्यंत त्यावर पाण्यानं भरलेले फोड आले. बायका जमल्या. निदानाला वेळ लागला नाही. कातीण मुतली. हे आमच्याकडे लहान मुलालाही माहीत असतं, अंगावर कातीण मुतली की फोड येतात. प्रश्न एवढाच होता की कोणती कातीण. आणि इथे माझीच विद्या माझ्यावर उलटली. म्हातारीजवळ बसून बसून त्या बायकाही खुणा ओळखायला शिकल्या होत्या. फोड चंद्रकोरीसारखा आहे, म्हणजे चांदवाला.

मी म्हटलं, अहो, त्याचा चांद तिळाएवढा, हा फोड बांगडीएवढा. त्यावर तोंडाळ बाई म्हणाली की मूत पसरतं.

आत्याबाईंनी आंब्याच्या वाळल्या फोडी उगाळून लेप दिला. कातिणीवर तोच उतारा. लेप झोंबला तशी ती बाई कोठ्यातून विहिरीपर्यंत नाचत गेली.

दोन दिवसांनी दुसरीच्या मानेवर दोन गोल फोड उठले, एकाशेजारी एक. ठिपके, म्हणजे पोपटी. मग तिसरीच्या पाठीवर पुन्हा कोर. आता मात्र बायका कातिणींवरून म्हातारीवर आल्या. ही कातिणी मारत नाही. हातावर घेते, बोलते त्यांच्याशी. नेऊन सोडते म्हणते, पण परसातच ना, त्या पुन्हा येतात. हिला काही होत नाही, आम्हालाच कसं होतं? दुपारी भाकरी खायला सगळ्या एका बाजूला भरल्या बोऱ्यांना टेकून बसल्या आणि म्हातारी दुसऱ्या बाजूला एकटी, उन्हात.

संध्याकाळी तोंडाळ बाई सगळ्यांच्या वतीनं आत्याबाईंपुढे उभी राहिली. म्हणाली की ती म्हातारी राहील तर आम्ही राहत नाही. ऐन हंगामात बारा रेचे बंद पडणं आत्याबाईंना परवडणारं नव्हतं. यजमानही ओसरीवरून म्हणाले की काढून टाका, कातिणी पाळणारी बाई हवीच कशाला. ठरलं असं की चार दिवसांनी बाजाराला गाडी जाईल, तिच्यावर म्हातारीला बसवून अमरावतीला सोडायचं.

मी म्हातारीला सांगायला गेले. ती गाठोड्यावर बसली होती, म्हणजे तिला आधीच कळलं होतं.

"मले अमरावतीत कोन ठेवीन?" ती म्हणाली. "कापसाच्या गाडीच्या आधी ही गोष्ट पोचते, बाई. जथं रेचा तथं बाया, अन् जथं बाया तथं बोलनं."

तिचा हिशेब बरोबर होता. त्या वर्षी वऱ्हाडात काम म्हणजे कापूस, आणि कातीणवाली म्हणून नाव झालेल्या म्हातारीला कापसाजवळ कोणी उभं केलं नसतं. रडणं-बिडणं तिनं काही केलं नाही. मलाही दया वगैरे आली असं म्हणणार नाही. मला राग आला होता. मी ठेवलेलं माणूस माझ्या कोठ्यातून मूर्खपणापायी जात होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चार गाडगी मागवली. म्हातारीकडून एकेका गाडग्यात एकेक कातीण घातली, तोंडाला फडकं बांधलं आणि सगळ्या बायकांना अंगणात बसवलं. आत्याबाई पाटावर. मी म्हटलं, ह्या चौघी मी सगळ्यांसमोर हातावरून चालवते. मुतायचं असेल तर मुतू दे. बाजाराच्या दिवसापर्यंत माझ्या हाताला फोड आला नाही तर म्हातारी इथेच राहील. आला तर मी स्वतः तिला गाडीत बसवीन. आत्याबाईंनी मान हलवली. त्यांना गंमत पाहायची होती.

मी चोळीची बाही वर केली आणि हात पुढे धरला.

"धाकल्या बाई, बांगड्या भरून घेतल्यावानी काहून बसल्या?" तोंडाळ बाई म्हणाली.

"भरणारीन चांगली भेटली म्हून," म्हातारी म्हणाली आणि पहिलं गाडगं सोडलं.

घरातली चपटी निघाली. तिनं माझ्या कोपरापर्यंत तीन ढांगा टाकल्या आणि बसून राहिली, पाहुणी आल्यासारखी. लेकुरवाळी तिची सगळी पिल्लं घेऊन आली, त्यातली चार-पाच माझ्या मनगटावर सांडली आणि आत्याबाईंनी पाटावर पाय वर घेतले. पोपटी गुदगुल्या करत गेली. हसू आवरताना माझी पुरेवाट झाली, कारण न्यायाच्या वेळी हसलं तर न्याय होत नाही. शेवटी चांदवाला. तो मनगटावर थांबला, इकडेतिकडे मान वळवून सगळ्या बायकांकडे पाहिलं आणि उडी मारली ती थेट तोंडाळ बाईच्या मांडीवर. ती सरकीच्या ढिगावर जाऊन उभी राहिली आणि दुपारपर्यंत खाली आली नाही.

हाताला काही झालं नव्हतं. पण मुदत बाजारापर्यंतची होती, आणि तोवर बायका रेच्याला हात लावायला तयार नव्हत्या. मी म्हटलं ठीक आहे. कोठ्यातले भरलेले बोरे गाडीखान्यात न्यायचे होते, कालच ठसा मारून ठेवलेले. मी पदर खोचला आणि एकेक बोरा कंबरेवर घेऊन नेऊ लागले. रुई हलकी असते, पण बोरा मोठा. त्याला मिठी मारूनच न्यावं लागतं. रागाच्या भरात नऊ बोरे नेले.

बाजाराच्या आदल्या दिवशी सकाळी उठले तर हात स्वच्छ आणि कंबर जळतेय. डाव्या बाजूला, चोळी आणि लुगडं यांच्या मधल्या उघड्या भागात, मागच्या अंगाला. मला दिसत नव्हतं, पण हाताला फोड लागत होते. मी लुगडं वर ओढून घेतलं आणि काहीच न झाल्यासारखी चुलीपाशी बसले. पण अशा जागी खाज सुटली की माणूस किती वेळ चांगल्या घरच्या सुनेसारखं बसणार? आत्याबाईंनी मला दाराच्या चौकटीला पाठ घासताना पाहिलं. बैल गोठ्याच्या खांबाला घासतो तशी.

घटकाभरात सगळा कोठा जमा झाला. तोंडाळ बाईनं विजय फार मोठ्या मनानं घेतला. म्हणाली, हातावरून चढून कंबरेवर गेली असेल, बाईंना समजलं नसेल, आता हट्ट सोडा. आत्याबाई आंब्याच्या फोडी आणायला उठल्या. त्या लेपानं विहिरीपर्यंत नाचलेली बाई मी पाहिली होती. मी म्हटलं, लेप नको. पण म्हातारीला आता जावंच लागणार होतं. शब्द माझाच होता.

म्हातारी गाठोडं काखेत मारून आली. जाते म्हणाली. मग म्हणाली, जाण्याआधी मला एकदा फोड पाहू द्या, कोणती कातीण आहे ते तरी कळू दे. इतकी वर्षं पाहिल्या, मुतणारी एकही पाहिली नाही.

मी पाठमोरी उभी राहिले. तिनं माझं लुगडं चार बोटं खाली सारलं आणि डोळे अगदी जवळ आणले. ती कातीण पाहायची तशीच पाहत होती. वर काय, खाली काय, काठ कुठला. मला तिचा श्वास लागत होता.

"वर चांद हाय," ती म्हणाली. "खाली तीन ठिपके, एका रांगेत. चांदवाल्याले ठिपके नसतात अन् पोपटीले चांद नसतो. अशी कातीण देवानं केली नाई."

सगळ्या पुढे सरकल्या.

"ही तुमच्या घरधन्यानं केली," म्हातारी म्हणाली.

तिनं माझा हात धरला, मला तशीच गाडीखान्यात नेलं आणि एका बोऱ्याशेजारी उभं केलं. माझ्या कंबरेवरचा चांद बोऱ्यावरच्या चांदाएवढाच होता. बोटानं मापून तिनं दाखवलं. मग तोंडाळ बाईला पुढे ओढलं आणि तिचा दंड ठशासमोर धरला. कोर कोरीशी जुळली. मानेवाली आली, तिचे दोन ठिपके जुळले, तिसरा मानेवरून निसटला होता. सगळ्यांना आठवलं, रोज दुपारी भाकरी खाऊन बायका टेकतात त्या ह्याच बोऱ्यांना. पाठीवालीला वळून उभं करायचीही गरज पडली नाही. आणि म्हातारीला काही झालं नव्हतं, कारण आधी ती कापसाच्या ढिगापाशीच बसायची आणि मग तर तिला बोऱ्यांपाशी बसूच दिलं नव्हतं. तिला उन्हात बसवलं होतं.

मग तोंडाळ बाई माझ्याकडे वळून म्हणाली, "आता तुमी बाजारात हारपत नाई, धाकल्या बाई. ठसा पक्का हाय."

त्यानंतर जे हसणं सुरू झालं ते थांबेचना. एकीनं तर बोऱ्यावर डोकं टेकून हसायला घेतलं आणि आठवल्याबरोबर उडी मारून मागे झाली. आत्याबाई मात्र हसत नव्हत्या. त्यांनी ठशाशी नाक नेलं, वास घेतला आणि पाच पावलं मागे गेल्या.

यजमान पारावर लढाई सांगत होते. त्यांना बोलावणं गेलं. आईसमोर आल्यावर त्यांनी आधी काजळी म्हटलं, मग जवसाचं तेल म्हटलं. आत्याबाईंनी ठशाकडे बोट केलं. मग खरं निघालं. काजळी पहिल्या पावसात धुऊन जाते असं बाजारात कोणी सांगितलं. बिब्ब्याची खूण जन्मभर जात नाही. म्हणून बिब्बे आणले, गोठ्यामागे ठेचले, रस काढला. परीट त्यात चुना लावतात, वाळू देतात, हे माहीत होतं, पण घाई होती. मी विचारलं की मग तुमच्या हाताला कसं काही झालं नाही. त्यांनी हात पाठीमागे नेले. मला माझं तिळाचं तेल आठवलं. समई बिचारी निर्दोष होती. हे रोज संध्याकाळी हातांना तेल चोपडून ठसे मारायला बसत होते, आणि वर ओसरीवरून म्हणत होते की कातिणी पाळणारी बाई काढून टाका.

"मले वाटलं," ते म्हणाले, "कातीणच असन."

याचं मला आजही नवल वाटतं. ते खोटं बोलत नव्हते. बिब्बा आणला त्यांनी, ठेचला त्यांनी, तेल लावून हात वाचवले त्यांनी, आणि बायकांच्या अंगावर फोड पाहून त्यांनाही खरोखर कातीणच वाटली. फोड म्हणजे कातीण, हे माणूस आईच्या मांडीवर शिकतो. बिब्ब्याचं भान फक्त ठेचणाऱ्या हातापुरतं असतं.

आत्याबाईंनी निकाल दिला. बोऱ्यांवरच्या ओल्या ठशांना चुना लागेल, तो यजमान स्वतः लावतील, सगळ्या गावासमोर, भर दुपारी. उरलेले बिब्बे शिवेबाहेर पुरतील. फोड आलेल्या बायकांना तीळ, खोबरं आणि लोणी या घरातून मिळेल, फोड जाईपर्यंत. बिब्बा अंगावर उतला की आमच्याकडे हाच उतारा, आणि यानं नाचावं लागत नाही. म्हातारीबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. पण दुपारी जेवणाच्या वेळी मी पाहिलं, तिची भाकरी आत्याबाईंनी स्वतः नेऊन दिली आणि जाताना म्हणाल्या की गाठोडं कोपऱ्यात ठेव, वाटेत काय ठेवलंस.

तोंडाळ बाईनं माफी मागितली नाही. ते तिच्या स्वभावात बसत नव्हतं. फक्त म्हातारीला सावलीत सरकायला सांगितलं आणि स्वतः उन्हाच्या बाजूला बसली. तिच्या मांडीवर चांदवाला पुन्हा दिसला तर काय करशील, असं कोणी विचारलं. ती म्हणाली की आता ओळख झाली, पाहू.

गाडी दुसऱ्या दिवशी बाजाराला गेली, म्हातारीशिवाय. ठसे पक्के होते. त्या फेरीत आमचा एकही बोरा कोणाच्या ढिगात गेला नाही आणि यजमान ते मान वर करून सांगत आले. मी कंबर खाजवत ऐकून घेतलं. फोड गेले, पण काळसर डाग पुष्कळ दिवस राहिला. अजूनही उन्हाळ्यात पाहिलं तर चांदाचं एक टोक दिसतं म्हणतात. मला दिसत नाही, ते माझ्या मागे आहे.

म्हातारी पुढचे तीन हंगाम आमच्याकडे होती. ठसा आता काजळी-तेलाचा होता, तरी भरवसा नको म्हणून बोरे भरून झाले की सकाळी ती प्रत्येक ठशावर पळसाचं पान दाबून पाहायची. पान काळं झालं तर बोरा उन्हात. नवीन बाई रेच्यावर आली की तिला आधी कातिणी शिकवायची, सगळ्या क्रमानं. घरातली, आढ्यातली, लेकुरवाळी, रांगोळीवाली, फुलातली, पोपटी, चांदवाला. आणि शेवटी एक, जी मला शिकवताना तिला माहीत नव्हती.

"धन्याची कातीण," ती सांगायची. "वर चांद, खाली तीन ठिपके, पाय एकही नाई. बोऱ्यावर बसते. चावते तेवढी तीच."

यजमान तिथून जात असले तर ती आवाज जरा मोठा करायची.